बाबांनी परत घेतलेलं गाऱ्हाणं

सोमवार, १९ जानेवारी. दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं.
ओरोस, एसटी स्टँड.

प्रिय आते,

मालवणची गाडी अजून लागलेली नाही. बाबा समोरच्या टपरीवर चहा घेताहेत आणि मी मांडीवर फाईल घेऊन बाकावर बसलो आहे. फाईल पिशवीत ठेवली तर पिशवी विसरेन, बाजूला ठेवली तर कोणीतरी उचलेल, म्हणून मांडीवर. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मंग्या, मेल्या, ता काय अंडा आसा? उबवतंस कित्याक?"

फाईलमध्ये बाबांचं प्रतिज्ञापत्र आहे. तासाभरापूर्वी नोटरीसमोर त्यांनी त्यावर सही केली. होय आते, बाबांनी! तुझ्या भावाने! शेवटपर्यंत तू वाट बघितलीस तीच सही.

बाहेर आल्याबरोबर मी फोन काढला आणि तुझं नाव शोधून काढलं. बोट दाबणार तेवढ्यात आठवलं. गणपतीच्या आधी तू गेलीस, मीच तुझ्या फोटोला हार आणला होता, तरी बोट तुझ्याच नावावर गेलं. मग बाबांना म्हटलं, तुम्ही चहा घेऊन या. आणि हा कागद काढला. ही बातमी सगळ्यांत आधी तुला सांगायची होती, ती अशी सांगतो.

तुला आठवतं, हे सगळं सुरू कसं झालं ते? नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, आणि आमच्या किनाऱ्यावरच्या सहाही कारखान्यांनी बर्फाचा भाव एकाच दिवशी वाढवला. एकाकडे महाग म्हणून दुसऱ्याकडे गेलो, तर तिथे तोच भाव. तिसऱ्याकडे तोच. बर्फाशिवाय मासळी कशी ठेवायची? आमच्यासारख्या एकाच होडीच्या माणसांनी काय करायचं? मच्छीमार सोसायटीत सगळे चिडले, बोलले, आणि शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "तुझी आते मुंबैची मोठी वकील. अर्ज कर. नाव तुझाच घाल." मी बारावीला न बसलेला माणूस. तक्रारीवर पहिलं नाव माझं!

त्या दिवशी मी तुला फोन केला आणि दम न घेता सगळं सांगितलं. तू शांतपणे विचारलंस, "एकाच दिवशी वाढवल्यानी? मगे?"

"मगे काय? ही चोरी नाय?"

"नाय."

तू म्हणालीस, "बंदरार शहाळेवाले बघलंस मा? सगळ्यांचो भाव एकच. एकान वाढवलो, दुसऱ्यान बघलो, त्यानय वाढवलो. तेका गुन्हो म्हणत नाय. पण सगळे एकत्र बसले आणि ठरवल्यानी, आजपासून कोणी खाली उतरूचा नाय, तर तो गुन्हो. भाव सगळ्यांक दिसता मंग्या. बसणा दिसणा नाय. ता दाखवचा लागता."

त्याच फोनवर मला पहिल्यांदा कळलं की तू आयुष्यभर काय करत होतीस. आम्हाला वाटायचं, आते मुंबईला कोर्टात जाते म्हणजे खून, दरोडा, घटस्फोट. तू तर लोकांचं एकत्र बसणं शोधत होतीस!

मग दर रविवारी मी एकेक गोष्ट काढून घेत गेलो. एका सॉलिसिटरच्या ऑफिसात टायपिंग करता करता तू कायद्याचं शिकलीस. मग तिथेच व्यापाऱ्यांचे दावे. दोन भागीदार भांडलेले. माल पोचला आणि पैसे नाहीत. जहाजात आंबे कुजले, आता दोष कोणाचा. पुढे स्पर्धेचा हा कायदा नवीन आला तेव्हा मोठेमोठे वकील बिचकले, आणि तू मात्र त्याच्यात शिरलीस. "नवो आसा तर सगळ्यांकच नवो," असं तू म्हणाली होतीस. "माझ्याइतकोच त्येंकाय."

चार कंपन्यांच्या साहेबांची ती गोष्ट मी सोसायटीत किती वेळा सांगितली असेल! चौघेही एकाच दिवशी एकाच हॉटेलात उतरले, आणि चौघांचंही म्हणणं एकच, की आम्ही फक्त जेवायला आलो होतो. तू ज्या बाजूला होतीस ती कुठली बाजू, हे मात्र मी विचारलं तेव्हाच कळलं.

"तू त्येंच्या बाजून?" मी ओरडलोच.

"तर! फी कोण देयत होतो? तुझो बापूस?" आणि मग जरा थांबून म्हणालीस, "प्रत्येकाक वकील मिळाक व्हयो, मंग्या. आणि लपवणारे कसे लपवतत ता त्येंच्या बाजूक बसल्यारच कळता."

मला ते तेव्हा पटलं नव्हतं. खरं सांगू? अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण कंपन्यांच्या बाजूला इतकी वर्षं बसलेली बाई निवृत्तीच्या वयात आमच्या बर्फाच्या लादीसाठी उभी राहिली, एवढं मला पुरलं.

करार कसा वाचायचा तेही तूच शिकवलंस. "शेवटाकडसून वाच. सुरवातीक सगळे गोडच बोलतत. भांडाण झाला तर काय, ता शेवटाक लिवलेला आसता." आता मी इंजिनाच्या वॉरंटीचा कागदसुद्धा मागून पुढे वाचतो. दुकानदाराला वाटतं, ह्या पोराला वाचता येत नाही!

आणि एक गोष्ट तू मला सांगितलीस, ती बाबांनाही माहीत नाही. सुनावणीच्या आधी तू तीन वेळा हात धुतेस. पोटात गोळा येतो. "तीस वर्षां झाली, अजून येता. ज्या दिवशी येवचो नाय त्या दिवशी कोट खुंटीक लावतलंय." मी दाराची कडी घातली की परत जाऊन बघणारा माणूस. होडीच्या टाकीचं झाकण दोनदा तपासणारा. लोक हसतात. तुझं ते हात धुण्याचं ऐकल्यापासून मला माझी लाज कमी वाटते. तुला हे कधी बोललो नाही. आज बोलतो.

मग गेल्या वर्षीची जत्रा. त्या संध्याकाळबद्दल लिहायला हवं, कारण सगळं तिथेच अडलं होतं.

तू पडवीत पाटावर बसली होतीस. आई गेल्यापासून आमच्याकडे घावणे बाबाच घालतात, आणि तू आमच्या केसची फी म्हणून तेच मागितले होतेस. चार घावणे, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यासोबत. दिल्लीहून स्पर्धा आयोगाचा कागद आला होता: या सहा जणांनी एकत्र बसून ठरवलं, याला आधार काय? आधार नसेल तर तक्रार बंद. तू वैतागली होतीस.

"कागद नाय, फोन नाय, मेसेज नाय. ह्ये बर्फवाले हुशार आसत रे. माझ्या कंपन्यांच्या साहेबांनी ह्येंच्याकडे शिकवणीक येवक व्हया."

आतून, तव्याजवळून बाबा म्हणाले, "हुशार कसले? देवाक सांगल्याबगर ते गाडीचा टायर बदलणत नाय. भावाचा गाऱ्हाणासुद्धा माझ्याकडसून घालून घेतल्यानी."

तुझा हात तोंडाजवळच थांबला. "काय म्हणालंस?"

आणि बाबांनी, हातात कलथा घेऊन, आपल्या देवळातल्या आवाजात, अभिमानाने सगळं म्हणून दाखवलं! "बा देवा म्हाराजा! आज ह्ये तुझे सहा कारखानदार एक विचारान तुझ्या पायाकडे इले आसत. ह्येंच्या बर्फाचो भाव आजपासून एकच ऱ्हवांदे रे म्हाराजा! आणि जो कोण लोभान नायतर भियान ह्या भावाच्या खाली उतरात, तेका तूच वाटेर हाड रे म्हाराजा!"

"आणि त्येंनी काय म्हटल्यानी?" तू हळूच विचारलंस.

"काय म्हणतले? व्हय म्हाराजा! सगळे एका आवाजात."

तू एवढी हसलीस, एवढी हसलीस, की ठसका लागला आणि मला पाणी आणायला धावावं लागलं. "तीस वर्षां मी हॉटेलांची बिलां हुडकलंय," तू डोळे पुसत म्हणालीस, "आणि हयसर देवाक साक्षी ठेवन ठराव! म्हणजे नोंद करूक घाबारले, पण गाऱ्हाणा घातल्याशिवाय धीर होयना!"

ही चूक आमच्या किनाऱ्यावरचेच लोक करू शकतात, नाही का? सगळं चोरून करायचं, कुठे खूण ठेवायची नाही, पण देवाला न विचारता करायचं म्हटलं की पाऊल उचलत नाही. मागे तुझ्या ऑफिसातल्या वकील तन्वी मॅडमना हे समजावताना मला घाम फुटला. मी म्हटलं, मॅडम, कुठलंही मोठं काम सुरू करण्याआधी गावातला एक जाणता माणूस देवासमोर उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो. दर वाक्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्या म्हणाल्या, "म्हणजे ठराव मांडायचा आणि आवाजी मताने मंजूर करायचा?" मी म्हटलं, बरोबर तसंच.

पण त्या संध्याकाळी हसणं संपल्यावर तू बाबांना विचारलंस, "वासू, ह्या तू शपथेवर सांगशीत?"

तव्यावरचा घावणा करपला. तो वास अजून माझ्या नाकात आहे.

"नाय," बाबा म्हणाले.

"अरे, तू काय केलंस? तू नुसतो बोललंस."

"तेच माझा काम. लोकांचा मागणा देवाक सांगूचा. तू कोर्टापुढे सांगतंस, मी देवापुढे. तूय वकील, मीय वकील. तुझ्या अशिलान तुका विश्वासान सांगलेला तू भायर बोलतंस?"

आते, तुझ्याच धंद्याचा नियम, तुझ्याच भावाच्या तोंडून! तू उठलीस. तिसरा घावणा ताटात अर्धाच होता. हात धुतलेस. तीन वेळा, मी मोजले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने तू कुडाळ स्टेशनला निघालीस. बाबा मुद्दाम आधीच किनाऱ्यावर होडीकडे गेलेले, आणि तूही त्यांना हाक मारली नाहीस. का गं? किनारा पन्नास पावलांवर होता! तुम्ही दोघं एकाच आवशीची, सारखीच हट्टी, हे कबूल. पण मोठी तू होतीस. इतक्या मोठ्या साहेबांना एका टेबलाशी आणून तडजोडी करून देणारी बाई तू, तुला स्वतःच्या भावाला हाक मारता आली नाही? हा राग माझ्या मनात होता. होता, म्हणतोय. आता नाही. का नाही ते पुढे सांगतो.

पावसाळ्यात तुझा हॉस्पिटलमधून फोन आला. आवाज बारीक झाला होता, पण वाद तोच. "तुझ्या बापाशीक सांग, मी उत्तर हुडकून काढलंय. अशिलान मागे केलेली चूक सांगली तर ती वकिलाच्या पोटात ऱ्हवता. पण फुडे करूच्या लबाडीत जर त्यान वकिलाकच वापरलो, तर ता पोटात ठेवक कायदो सांगणा नाय. माका सांगणा नाय आणि तेकाय सांगणा नाय." मग दम घेऊन म्हणालीस, "आणि सांग, त्याचो युक्तिवाद चांगलो होतो. माका सहा महिने लागले."

मी धावत गेलो. बाबा जाळं शिवत होते. शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी सुई थांबवली नाही. गाठ मारून म्हणाले, "तिका सांग, शाल घे म्हणान. हॉस्पिटलात एसी आसता." एवढंच! मी तुला तसंच कळवलं आणि तू हसलीस. ते तुझं मी ऐकलेलं शेवटचं हसणं.

बाराव्याला आम्ही मुंबईला आलो तेव्हा तुझ्या घरी तन्वी मॅडम भेटल्या. बाबा खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. मॅडम त्यांना म्हणाल्या, "काका, एक सांगू? मी मॅडमना म्हटलं होतं, आयोगाला तुमचं नाव देऊ, ते समन्स काढतील, मग तुम्हाला यावंच लागेल. मॅडम रागावल्या. म्हणाल्या, माझ्या भावाला लोक देवळात मानाने बोलावतात, त्याला मी हुकमाने बोलावणार नाही. तो आला तर आपण होऊन येईल. नाही आला तर केस गेली."

आते, तुझ्या हातात होतं. तुला कायदा माहीत होता, रस्ता माहीत होता, जिंकण्याची सवय होती. तरी तू ते नाव दिलं नाहीस. तू किनाऱ्यावर जाऊन हाक का मारली नाहीस, ते मला तेव्हा कळलं. हाकेचासुद्धा भार पडला असता त्यांच्यावर. माझा राग गेला तो तिथेच.

बाबा तुझ्या खुंटीवरच्या काळ्या कोटाकडे बघत बसले. परतीच्या गाडीत वैभववाडी गेल्यावर म्हणाले, "मंग्या, कोट तिनाच लावल्यान खुंटीक, की कोणी दुसऱ्यान?" मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "तिना लावलेलो नसात."

मग हा महिना उजाडला. आधार द्यायची वाढवून मिळालेली मुदत महिनाअखेर संपणार. तन्वी मॅडमचे फोन. मला झोप नाही. मी बाबांना काही विचारत नव्हतो, कारण तू विचारलं नव्हतंस. बर्फाचं म्हणशील तर किनाऱ्यावर आम्हाला कोणी देत नव्हतं. गेलो की 'लाईट नाय', 'मशीन बंद'. मी टेम्पो घेऊन गोव्याच्या हद्दीवरून बर्फ आणायचो आणि अर्धा वाटेत पाणी व्हायचा.

परवा बाबांनी भाईशेटला निरोप पाठवला. भाईशेट म्हणजे सहा कारखानदारांतला मोठा. नाव तुला पाठ होतं. निरोप एवढाच, की उद्या सकाळी देवळात ये, गाऱ्हाणं घालायचं आहे. गाऱ्हाण्याला कोण नाही म्हणतो? काल सकाळी तो आणि आणखी एक कारखानदार, दोघे पांढरे कपडे घालून हजर.

मला बघून म्हणाला, "काय तक्रारदार, बर्फ मिळता मा?"

"गोव्यासून हाडतंय."

"हाड, हाड. रस्तो आता बरो झालो आसा."

माझे कान तापले. बाबांनी मला मागे व्हायची खूण केली, देवासमोर नारळ ठेवला, टोपी सारखी केली आणि सुरू केलं. आते, तू ते ऐकायला हवं होतंस! मी जसंच्या तसं लिहितो.

"बा देवा म्हाराजा! मागे ह्या जाग्यार उभ्या ऱ्हावन मी ह्येंचा गाऱ्हाणा घातलंय, की भाव एकच ऱ्हवांदे. त्यात माझ्याच भावकीच्या पोटार पाय पडतलो ह्या माका कळाक नाय. माझ्या भयणीन माका समजावल्यान. ती आता तुझ्याकडे इली आसा, तिका विचार. आज मी ता गाऱ्हाणा परत घेतंय म्हाराजा. मी ता तुझ्यापुढे मोठ्यान बोललंय, चार माणसांनी आयकला, कानात सांगाक नाय. ता आता जसा घडला तसा मी चौकशीत खरा सांगतलंय. चोरून सांगूचा नाय, म्हणान ह्येंका बोलावलंय. ह्यात माझा काय चुकत आसात तर माका सांभाळ, आणि ह्येंकाय बरी बुद्धी दे रे म्हाराजा!"

आणि थांबले.

देवळात कोणी काही बोललं नाही. मी बोलणार होतो, पण घसा सुकला होता. गुरवाचा हात घंटेजवळ तसाच. गाऱ्हाणं असं अधांतरी राहिलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. बाबा मागे वळून बघत नव्हते, पण त्यांची मान ताठ झालेली मला दिसत होती.

आणि भाईशेटच्या तोंडून निघालं, "व्हय म्हाराजा!"

खरंच सांगतो! त्याच्या मागोमाग दुसऱ्या कारखानदाराच्या तोंडूनही. म्हणून झाल्यावर दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं, की गुरवाने हसू लपवायला घंटा वाजवली. सवय गं! पन्नास वर्षं गाऱ्हाण्याला साथ दिलेली जीभ, ती कारखान्याला विचारून थोडीच हलते?

बाहेर चपला घालताना भाईशेट बराच वेळ वाकून राहिला. मग म्हणाला, "वासू, तू लपान केलं आसतंस तर मी तुका सोडूक नसतंय." बाबा म्हणाले, "म्हणान तर बोलावलंय." मग तो माझ्याकडे वळला. आवाज बदललेला होता. "काय रे, जो पयलो जावन कबूल करता तेका दंडात सूट आसता म्हणतत. खरा?"

तू मला हे शिकवलं होतंस. मी म्हटलं, "खरा. पयल्याक सगळ्यांत जास्ती."

"आणि दुसऱ्याक?"

"कमी."

"आणि सहाव्याक?"

"सहाव्याक नुसतो नमस्कार."

माझ्या तोंडून हे कसं निघालं मला कळलं नाही, आते! मी, जो बर्फ मागायला जाताना वाक्य पाठ करून जायचो. भाईशेट हसला. बाबाही हसले. आणि त्याच्या सोबतचा दुसरा कारखानदार मात्र घाईघाईने गाडीकडे निघाला. भाईशेटने ते बघितलं आणि तोही घाईघाईने निघाला.

आज सकाळी तन्वी मॅडमचा फोन. "मंगेश, ते भाईशेट म्हणून कोण आहेत? त्यांनी मला सात वाजता उठवलं. मी सांगितलं, मी तुमचं काम घेऊ शकत नाही, मी समोरच्या बाजूची वकील. दुसरा वकील गाठा आणि आजच गाठा." मग त्या म्हणाल्या, "तरी काकांचं प्रतिज्ञापत्र हवंच. कबुली येईल तेव्हा येईल." तू असतीस तर हेच म्हणाली असतीस, नाही का? त्या तुझ्यासारखं बोलायला लागल्या आहेत.

प्रतिज्ञापत्र मीच टाईप केलं. एकेक शब्द तपासला. नोटरीसाहेबांनी वाचता वाचता चष्मा वर केला. "हे 'व्हय म्हाराजा' पण लिहायचं का?"

बाबा म्हणाले, "साहेब, ता नसला तर गाऱ्हाणाच पुरा होणा नाय."

तो होकार तर सगळ्या केसचा जीव, हे बाबांना कोणी सांगितलं नव्हतं.

शपथेची वेळ आली तेव्हा बाबांनी चपला दाराबाहेर काढून ठेवल्या. साहेब म्हणाले, काका, त्याची गरज नाही. बाबा म्हणाले, "तुमका नसात." आणि अनवाणी उभे राहून सही केली. सही सरळ आली आहे. मी बघितली. दोनदा.

पुढे काय होईल ते मला माहीत नाही. आयोग चौकशी लावेल, वर्षं जातील, बर्फवाले मोठे वकील आणतील, असं मॅडमनी सांगून ठेवलंय. पण केस बंद होणार नाही. आणि एक सांगू? इथे यायच्या आधी सकाळी मी किनाऱ्यावरून आलो. एका कारखान्याबाहेर खडूने भाव लिहिला होता. जुना भाव नव्हता. खाली उतरलेला होता! एकच कारखाना, पण उतरला. बाकीचे बघत उभे होते.

आता मालवणची पाटी लागली आहे. बाबा रस्ता ओलांडताहेत. त्यांच्या हातात केळी आहेत, म्हणजे मन बरं आहे.

आते, मी वचन देतो. तक्रारीवर पहिलं नाव माझं आहे, तर उलटतपासणीला मीच उभा राहीन. घसा सुकेल. सुकला तरी बोलेन. आधी हात धुईन, तीन वेळा, आणि मग बोलेन. काल बाबा थांबले तेव्हा मला 'व्हय म्हाराजा' म्हणता आलं नाही, भाईशेटने म्हटलं. पुढच्या वेळी तो आवाज माझा असेल.

गाडी सुटतेय.

तुझा,
मंग्या

ता.क. तू म्हणायचीस, खर्च लिहून ठेव, जिंकलो तर मागता येतो. आजचा लिहितो.
स्टॅम्प आणि नोटरी: सहाशे रुपये.
झेरॉक्स: चाळीस.
दोघांचं एसटी भाडं, जाऊन येऊन: बाबांनी दिलं, सांगत नाहीत.
देणं: वकिलांची फी. ठरले घावणे चार, पोचले अडीच. बाकी दीड. बाबा म्हणतात, जत्रेला पानावर वाढू, अर्धाही पुरा घालू.